बालवाडीतल्या मुलांचे हात पेन्सिलीसाठी कधी तयार होतात?

गिरणाकाठ | सोमवार, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बालवाडीत शिकवते, यंदाचं तेरावं वर्ष. माझ्याकडे छोटा गट आहे. 26 मुलं, वयं साडेतीन ते साडेचार.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलांना म्हटलं, बेडकासारखी उडी मारा, दोन्ही पाय जोडून. निम्म्या मुलांचा एक पाय आधी उचलला जात होता. एका पायावर उभं राहायला सांगितलं तर सात-आठ जण भिंत धरायला धावले. डब्याचं झाकण उघडून घ्यायला रोज माझ्यापुढे रांग लागते. आणि याच मुलांच्या पालकांना दिवाळीच्या आत वहीत क ख ग हवंय, एक ते पन्नास हवेत, तेही चौकटीत. संस्थेने चौकटीच्या वह्यांचा गठ्ठाच आणून दिलाय.

एक मुलगा आहे, पेन्सिल मुठीत धरतो, ताक घुसळायची रवी धरावी तशी. दोन ओळी झाल्या की डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरतो. परवा त्याने पेन्सिल खाली ठेवली, बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली आणि पुन्हा पेन्सिल उचलली. तक्रार नाही, रडणं नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

निदान दिवाळीपर्यंत वही बाजूला ठेवावी आणि मुलांना अंगणात काढावं असं मला वाटतं. पण पालकांना हे पटवू कसं? आमचं अंगण साधारण वीस बाय तीस फूट, अर्धं फरशीचं, एका कोपऱ्यात निंबाचं झाड. खेळणी विकत आणायला पैसा नाही. घरातल्या वस्तूंवर काय काय करता येईल? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

मेहरुणचं बोर | सोमवार, रात्री 9:32

ताई, तुमच्या फुंकरीच्या ओळीवर थांबले. माझा मुलगा साडेचारचा आहे, रोज संध्याकाळी गृहपाठाला बसला की "मम्मी हात दुखतो" म्हणतो. आजवर मी त्याला बहाणा समजत होते. धागा वाचतेय, जाणकारांनी लिहा.

रावेरकर | सोमवार, रात्री 10:05

थोडं वेगळं मत मांडतो. आमच्या दोन पिढ्या केळीच्या बागेत खपल्या. मुलाने वेगळं काही करावं म्हणून तीस किलोमीटरवरच्या शाळेत घातलंय. तिथे पहिलीत गेल्यावर बाई फळ्यावर लिहितात आणि मुलांनी उतरवून घ्यायचं असतं. ज्याला येत नाही तो मागे पडतो. खेळायला घरी अंगण आहे, शेत आहे, भाऊबंद आहेत. शाळेची फी मी लिहायला शिकवण्यासाठी भरतो. पालक वही मागतात ते मुलांचे वैरी आहेत म्हणून नाही, त्यांना भीती वाटते म्हणून. ती भीती समजून न घेता त्यांना नावं ठेवू नका.

पांझरा | सोमवार, रात्री 11:20

मी धुळ्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून हाताची, अंगाची तयारी करून घेते. रोजचं काम लहान मुलांसोबतच. रावेरकर भाऊंची भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय वहीत नाही. थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची म्हणजे मऊ असतात, एक्स-रेमध्ये दिसतसुद्धा नाहीत. मग एकेक करून ती कडक व्हायला लागतात. चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत साधारण निम्मीच दिसतात आणि शेवटचं हाड दिसायला आठ ते बारा वर्षं लागतात. याचा अर्थ हात कामाचा नाही असा नव्हे. तो अजून घडतोय, आणि तासभर एकाच पकडीत आवळून ठेवण्याजोगा झालेला नाही, एवढाच.

दुसरं, शरीराची पकड धडाकडून बोटांकडे येते. आधी मान, पाठ, मग खांदा, कोपर, मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. ज्याची पाठ दहा मिनिटं सरळ राहत नाही, तो एक हात बाकावर टेकून स्वतःला सावरतो. मग वही धरायला हात उरत नाही, वही सरकते, अक्षर चौकटीबाहेर जातं आणि आपण म्हणतो लक्ष नाही. ज्याचा खांदा स्थिर नाही तो पेन्सिल मुठीत आवळतो. ताई, तुमच्या त्या मुलाची बोटं दुखतात, पण सुरुवात बहुधा खांद्यापासून करावी लागेल. लोंबकळणं, ढकलणं, ओढणं, हातांवर चालणं. पाण्याने अर्धी भरलेली बादली दोघांनी मिळून निंबापर्यंत नेणं हासुद्धा व्यायामच आहे.

तिसरं आकारांचं. मूल गोल साधारण तीन वर्षांचं झाल्यावर काढतं, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण पाचच्या पुढे. तिरपी रेघ उशिरा येते. आता 'क' बघा. मधोमध उभा दांडा, एका बाजूला बंद गोल, दुसऱ्या बाजूला वळण, वर आडवी रेघ. अधिकचं चिन्हही धड न जमणाऱ्या हाताला आपण पहिल्याच दिवशी हे देतो! आपल्याकडे लिहायला शिकवताना जुने मास्तर 'ग म भ न' पासून सुरुवात करायचे, वर्णमालेच्या क्रमाने नाही. त्यामागे हाताच्या सोयीचा विचार होता.

(क्रमशः, मुलगी उठली.)

भरीतवाला | मंगळवार, सकाळी 7:15

पांझराताई, गमभनचं आज कळलं. आमचे गुरुजी धुळपाटीवर बोटाने गिरवून घ्यायचे. तेव्हा वाटायचं पाटी नाही म्हणून धूळ.

आखाजी | मंगळवार, दुपारी 1:40

मी 67 वर्षांची, अमळनेरकडची. नातू फोनवर लिहून देतोय.

आमच्या लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाझाडाला झोके बांधले जायचे. माहेरवाशिणी यायच्या, त्यांच्यासोबत आम्ही चिल्लीपिल्ली. उभ्याने झोका चढवायचा म्हणजे गुडघे कधी वाकवायचे, कधी ताठ करायचे, हे अंगाला कळावं लागतं. दोराला धरून धरून तळहाताला घट्टे पडायचे. कोणी शिकवत नव्हतं. आता गावात गेले की झोका दिसतो, पण पोरं खाली बसून मोबाइल बघतात.

दुसरं सांगते, गव्हले. लग्नाघरी गव्हले करायचे असले की आम्हा मुलींना ओट्यावर बसवायचे. भिजवलेल्या पिठाची बोटाएवढी लांब वळी एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने टोकाचा कण चिमटायचा, चिमटतानाच किंचित फिरवायचा. गव्हाच्या दाण्याएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. जाड झाला तर आजी काही न बोलता उचलून पुन्हा पिठात टाकायची. पाच वर्षांची मी ताटभर गव्हले करायचे. माझं अक्षर चांगलं आहे. ते गव्हल्यांमुळे की काय, ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगा.

माझी सासू म्हणायची, "पोरेस्ले मातीमा खेयू द्या, माती काय खाई जाई का त्यास्ले?"

पांझरा | मंगळवार, दुपारी 2:25

आजी, मी माझ्या केंद्रात मुलांना प्लास्टिकच्या चिमट्याने मणी उचलायला लावते. उद्यापासून कणीक ठेवणार. अंगठा आणि तर्जनीची हीच चिमूट पुढे पेन्सिल धरते, मधलं बोट तेवढं आधाराला येतं.

मेहरुणचं बोर | मंगळवार, दुपारी 3:00

आजी, कणीक मी आजच भिजवते. कापसाच्या वाती चालतील का? सासूबाई रोज वळतात, मुलगा शेजारी बसून कापूस उडवत असतो.

आखाजी | मंगळवार, दुपारी 3:30

चालतील ना, बाई. आधी त्याला सरकी काढू दे. बोंडातला कापूस दे, विकतचा गुंडाळा नको. सरकीला कापूस चिकटलेला असतो, एका हाताने धरून दुसऱ्याने ओढावा लागतो. मग वात. सरकी नाकाकानात घालणार नाही एवढं लक्ष ठेव.

सातपुडा | मंगळवार, रात्री 8:45

मी धडगावच्या बाजूला अंगणवाडी सेविका आहे. इथे नेट कधी असतं, कधी नसतं, म्हणून उशीर झाला.

आमच्याकडे चित्र उलटं आहे. पाडे विखुरलेले, मुलं टेकडी चढून-उतरून अंगणवाडीत येतात. चार वर्षांचं पोर आंब्यावर चढतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आईसोबत मोहाची फुलं वेचायला जातं, एकेक फूल उचलून टोपलीत टाकतं. उडी, तोल, चिमूट यातलं मला काही शिकवावं लागत नाही. पण खडू पहिल्यांदा हातात आला की मूल तो उलटसुलट करून बघतं. पंधरा-वीस दिवस जमिनीवर रेघोट्या मारल्या की हात सुटतो. लवकर सुटतो, कारण त्यामागचं बळ तयार असतं.

हे गोडगोड चित्र वाटू नये म्हणून पुढचंही लिहिते. ज्या मुलाचं वजन वाढत नाही ते खेळत नाही. कडेला बसून राहतं. दर महिन्याला वजन घेते तेव्हा कागदावर जे दिसतं ते मला आधीच अंगणात दिसलेलं असतं. म्हणून हालचालीबद्दल बोलताना ताटाबद्दलही बोला. केवळ खेळ घेऊन भागत नाही.

बुधवारचा बाजार | मंगळवार, रात्री 9:30

सातपुडाताई, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. शासनाची अंगणवाडी 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली तेव्हा आहार, आरोग्य आणि शिक्षण एकत्र बांधलं होतं ते याचसाठी.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरीबाईंच्या पद्धतीतली महागडी साधनं बाजूला ठेवून दगड, शंख-शिंपले, बिया, पानं घेतली. गिरणाकाठताई, साधनांना पैसे नाहीत ही तुमची अडचण त्यांनाही होती आणि त्यातूनच त्यांची पद्धत घडली. माँटेसरीबाईंचा मूळ विचारही तोच होता, म्हणजे मुलाला खरी कामं द्या. पाणी ओतणं, बटण लावणं, फरशी पुसणं.

रावेरकर | बुधवार, सकाळी 6:50

सगळं वाचलं. आजींचे गव्हले आवडले. पण पहिलीच्या प्रवेशाचं काय? एका नावाजलेल्या शाळेने माझ्या पुतणीला समोर बसवून लिहून दाखवायला सांगितलं होतं. तेव्हा मनगटातली हाडं मोजायला कोणी आलं नव्हतं.

बुधवारचा बाजार | बुधवार, सकाळी 8:10

रावेरकर भाऊ, ते बेकायदा होतं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 13. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिली सहाव्या वर्षी. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकाच पद्धतीने, खेळातून.

रावेरकर | बुधवार, सकाळी 8:25

कायदा माहीत असून पालक शाळेशी भांडत नाही, कारण मूल त्यांच्या हातात द्यायचं असतं. हेही खरं आहे.

कळण्याची भाकरी | बुधवार, दुपारी 12:15

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून माझा अनुभव लिहिते. मोठी मुलगी साडेतीनची असताना तिच्याकडून रोज दोन पानं लिहून घेतली. पहिलीत गेली तेव्हा सगळं यायचं, पण पेन्सिलीची पकड चुकीची बसली होती ती बसलीच. आता सातवीत आहे, पेपर लिहिताना मध्येच थांबून बोटं झटकते. धाकट्याच्या वेळी सासऱ्यांनी त्याला दिवसभर गोठ्यात, खळ्यात सोबत ठेवलं. मोठ्या गटाच्या शेवटी त्याने पेन्सिल धरली आणि तीन-चार महिन्यांत बहिणीने दोन वर्षांत गाठलं होतं तिथवर आला. दोनच मुलांवरून नियम काढत नाही. पण ती दोन पानं परत घेता आली असती तर मी घेतली असती.

भरीतवाला | बुधवार, दुपारी 12:40

अंगणात काढायचं म्हणता, पण आपल्याकडचं ऊन? मार्चपासून डोकं तापतं, मे महिन्यात पारा 44-45 वर. फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघा.

सातपुडा | बुधवार, दुपारी 1:30

सकाळी आठच्या आत अंगण, नंतर छपराखाली. पाण्याचे खेळ उन्हाळ्यातच घ्यायचे. ओला कपडा पिळणं, एका तांब्यातून दुसऱ्यात पाणी, गाळणीतून पाणी. कपडा पिळणं मनगटाला फार चांगलं.

कळण्याची भाकरी | बुधवार, दुपारी 1:45

आणि उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया! बिबड्याचं ओलं फडकं दोन्ही हातांनी ताणून धरायला पोरं कामाला येतात. नंतर राखण करायला बसवा, एक चिमणी टिपू देत नाहीत.

भरीतवाला | बुधवार, दुपारी 1:50

राखण करणारेच निम्मे ओले बिबडे खातात, त्याचं काय? 😄

आखाजी | बुधवार, दुपारी 2:10

खाऊ द्या. वाळवण त्यांच्यासाठीच असतं.

वाघूर | बुधवार, रात्री 10:15

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. माझी मुलगी पाच वर्षांची, डावखुरी. आई म्हणजे तिची आजी तिच्या हातातून चमचा काढून उजव्या हातात देते. बायको आणि आई यांच्यात रोज यावरून कुरबुर. खरंच डावा हात सुरू ठेवला तर काही बिघडतं का?

पांझरा | बुधवार, रात्री 10:40

काहीही बिघडत नाही. हात बदलायला लावू नका. कोणता हात पुढे होणार हे चार ते सहा वर्षांत पक्कं होतं आणि ते मेंदूत ठरतं, सवयीने नाही. लिहायला बसेल तेव्हा कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा आणि डावखुऱ्यांची कात्री आणा. आजींना प्रसाद उजव्या हाताने घेतलेला हवा असेल तर तेवढं मुलगी शिकेल, त्यावर भांडू नका.

आणि परवा अर्धवट राहिलेलं पूर्ण करते. वर कोणी विचारलं नाही, पण मूल कधी दाखवावं ते लिहायलाच हवं. सतत टाचा उचलून चालणं, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहणं, एकच बाजू वापरणं, आधी येत असलेलं काही येईनासं होणं. यातलं काही दिसलं तर "मोठा झाला की होईल" म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

निंबाची सावली | गुरुवार, सकाळी 11:00

मी तुमच्यासारखीच बालवाडीताई, नंदुरबार जिल्ह्यातली. कोणी लिहिलं नाही ते लिहिते. मूल खेळताना पडलं तर? मागच्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी घसरगुंडीच्या पायरीवरून पडली, हनुवटीला दोन टाके. वडील शाळेत येऊन इतकं बोलले की संस्थेने घसरगुंडीला दोर बांधून टाकला. अजून बांधलेला आहे. मुलं रोज त्या दोराकडे बघतात. माझीही हिंमत होत नाही सोडायची.

कळण्याची भाकरी | गुरुवार, सकाळी 11:35

ताई, वाचून वाईट वाटलं. एकच सुचवते. खाली वाळू टाकून घ्या, चार पालकांना बोलावून त्यांच्या हातून दोर सोडवा. त्या मुलीच्या वडिलांनाही बोलवा.

बुधवारचा बाजार | गुरुवार, दुपारी 12:05

आणि बांधून ठेवण्याचीही किंमत असते, ती टाक्यांसारखी दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली साठ मिनिटं चांगली धाप लागेल अशी. स्क्रीन एका तासाच्या आत. बालवाडी तीन-चार तासांची. तिथे मूल बसूनच राहिलं तर उरलेल्या वेळात ही मिनिटं येणार कुठून?

रावेरकर | गुरुवार, रात्री 9:20

काल संध्याकाळी मुलाला बेडूकउडी मारायला सांगितली. त्याला येत नाही. पाच वर्षं पूर्ण झालीत. मी समजत होतो शेत आहे, अंगण आहे, तो खेळतच असेल. शाळेची गाडी सकाळी सातला नेते, दुपारी दोनला आणते, मग जेवण, मोबाइल, गृहपाठ. शेतात तो शेवटचा कधी आला होता ते आठवत नाही. उद्यापासून खांद्यावर बसवून न नेता चालत नेणार. पाटाच्या कडेची बारीक वाट आहे, तोल सांभाळायला बरी.

पांझरा | गुरुवार, रात्री 9:45

भाऊ, पाच वर्षांच्या मुलाला ही उडी यायला हवी, तेव्हा महिनाभर नीट लक्ष ठेवा. पाटाची वाट उत्तम. येताना त्याच्या हातात थोडं वजन द्या, एक छोटी फणी केळी. महिन्याने फरक दिसला नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि मलाही इथे कळवा.

गिरणाकाठ | शनिवार, रात्री 9:00 (पाच आठवड्यांनंतर)

मंडळी, धागा वर आणतेय. तुमचं सगळं वहीत उतरवून ठेवलं होतं.

रोज पहिला तास अंगण. निंबाच्या फांदीला दोर बांधला, खाली वाळू. फरशीवर खडूने लांबच लांब वाकडी रेघ काढते, त्यावरून पाण्याने भरलेली वाटी घेऊन चालायचं. बादलीचा खेळ सगळ्यात आवडता, निंबाला इतकं पाणी कधी मिळालं नव्हतं. लिहिण्याऐवजी भिंतीवर पाण्याच्या ब्रशने उभ्या-आडव्या रेघा आणि गोल. भिंत उभी असल्यामुळे खांदाही कामाला लागतो.

पालकांचं सांगते. भाषण दिलं नाही. श्रावणात कानबाईच्या सणाआधी चार आज्यांना वर्गात बोलावलं आणि मुलांना त्यांच्याभोवती बसवून गव्हले करायला लावले. पालकांना तेव्हाच यायला सांगितलं. ज्या आईला तीन महिन्यांपासून वहीच हवी होती, ती सासूच्या मागे उभी राहून मुलीची बोटं बघत होती. जाताना म्हणाली, "बाई, हिला कण चिमटताच येत नाहीये हो." वहीचं नाव काढलं नाही. सगळे पटले असं म्हणणार नाही. दोघांनी मुलं काढून दुसरीकडे घातली, त्याचं वाईट वाटलं. संस्थेने दिवाळीपर्यंत मुदत दिलीय.

आणि तो फुंकर घालणारा मुलगा. अजून पेन्सिल दिलेली नाही. दोराला लोंबकळायला पहिले आठ दिवस तयार नव्हता, आता उतरवावा लागतो. परवा मधल्या सुट्टीत मी दुसऱ्या मुलाचा डबा उघडत होते, हा शेजारीच रांगेत होता. माझा हात मोकळा होईपर्यंत त्याने डबा पोटाशी धरला, अंगठे झाकणाच्या कडेखाली घातले, चेहरा लाल झाला आणि झाकण उडून खाली पडलं. पोळीचा रोल होता. त्याने झाकण उचललं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. चार वेळा. मग जेवला.

आता एक प्रश्न उरतो. चौकटीच्या 52 वह्या कपाटात पडून आहेत, दुकानदार परत घेत नाही. काय करू?

आखाजी | शनिवार, रात्री 9:25

पोरांना फाडू दे, घड्या घालू दे. पाऊस आहे अजून. होड्या कर.